पाण्यात पसरलेले अंडे काय सांगते?

तेल नाही, तूप नाही, फक्त गरम पाणी. अंडे शिजवण्याची याहून साधी रीत नसावी, तरीही घरोघरी हमखास फसते ती हीच. फोडलेले अंडे पाण्यात सोडले की पांढऱ्या भागाच्या चिंध्या पातेलेभर पसरतात, बलक फुटतो आणि हाती गढूळ पाणी उरते. मग ‘पोच्ड एग’ हे हॉटेलात खाण्याचे काम, असे म्हणून नाद सोडला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष करणाऱ्याच्या हाताचा नसतो, अंड्याच्या वयाचा असतो. आणि हे वय पदार्थाच्या देखणेपणापुरते महत्त्वाचे नाही. त्याचा संबंध थेट आरोग्याशी आहे.

ताज्या अंड्यात बलकाला धरून राहणारा पांढरा थर घट्ट असतो, कडेचा थोडा भाग पातळ. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, पांढऱ्या भागाचा सामू साधारण ७.६ वरून ९ च्या पुढे सरकतो आणि घट्ट थर हळूहळू पाण्यासारखा होतो. बलकाभोवतीचे पातळ आवरणही सैल पडते. उन्हाळ्यात हे सारे अधिक वेगाने घडते. अंड्याचा दर्जा ठरवण्यासाठी १९३७ मध्ये रेमंड हॉ यांनी सुचवलेले माप आजही जगभर वापरतात. त्यात फोडलेल्या अंड्याच्या घट्ट पांढऱ्या थराची उंची मोजून ती वजनाशी ताडली जाते. पातेल्यात पसरणारे अंडे हीच परीक्षा आपल्याला घरबसल्या दाखवत असते.

आरोग्याचा प्रश्न इथेच येतो. पांढऱ्या भागातील ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह बांधून ठेवते, त्यामुळे साल्मोनेलासारखा जिवाणू आत शिरला तरी तिथे त्याची वाढ सहजी होत नाही. बलकात मात्र लोहासह सगळे पोषण भरलेले असते. आवरण सैल पडले की ते पोषण बाहेर झिरपते आणि जिवाणूंचे फावते. म्हणजे ज्या बदलांमुळे अंडे पाण्यात पसरते, त्याच बदलांमुळे त्याचे नैसर्गिक संरक्षणही ढिले पडते. प्रत्येक शिळे अंडे दूषित असते असे नाही आणि ताजे अंडे निर्जंतुक असेलच असेही नाही. पण पसरलेले अंडे बलक कच्चा ठेवून खाऊ नये, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

आता कृतीकडे. पांढऱ्या भागातील काही प्रथिने ६० अंश सेल्सिअसच्या थोडे वर गोठू लागतात, मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या आसपास. बलक ६५ अंशांपुढे दाटतो आणि ७० च्या सुमारास घट्ट होतो. म्हणून पाणी खळखळ उकळते नको. तळाशी बारीक बुडबुडे दिसत असताना आच मंद करावी. अंडे आधी वाटीत फोडावे, म्हणजे त्याची अवस्थाही कळते. मग ते बारीक गाळणीत क्षणभर धरावे. पातळ पांढरा भाग खाली गळतो आणि चिंध्या होण्याचे कारणच उरत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय हाच. लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा थोडा लिंबाचा रस घातला तर आम्लामुळे प्रथिने लवकर गोठतात, पण चव किंचित आंबटते. पाण्यात भोवरा करण्याची युक्ती एका अंड्यापुरती ठीक. घरातल्या चौघांसाठी तिचा उपयोग नाही. तेलाचे बोट फिरवलेल्या इडलीपात्रात अंडी वाफवली तर ती पोच्ड नव्हे, वाफवलेली म्हणायची, पण एका वेळी अनेक होतात आणि हमखास जमतात. मायक्रोवेव्हमध्ये करायचे असेल तर बलकाला आधी टोचा मारावा, नाहीतर आत वाफ कोंडून तो फुटतो आणि तोंड भाजते. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये अंडे बांधून गरम पाण्यात सोडण्याचा प्रकार टाळलेलाच बरा.

खरे तर हे तंत्र आपल्याला परके नाही. उकळी आलेल्या रश्शात अंडी फोडून सोडण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे. मुंबईच्या पारशी घरांत भाजीवर अंडी फोडून झाकण ठेवतात. दाट रस्सा अंड्याला पसरू देत नाही, टोमॅटो, चिंच किंवा आमसूल व्हिनेगरचे काम करते आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटांत बलकही पुरता शिजतो. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी हाच प्रकार योग्य. साध्या पाण्यात करायचे तर त्यांच्यासाठी तीन मिनिटांत अंडे उचलू नये. बलक घट्ट होईपर्यंत थांबावे. शिजवल्याने पोषण जाते ही समजूतही सोडावी. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, कच्च्यातील फक्त ५१ टक्के.

हे सारे ग्राहकाने करायचे, पण अंड्याचे वय त्याला सांगायचे कोणी? महाराष्ट्रात खपणारी बरीच अंडी तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूतून ट्रकने येतात आणि दुकानात उघड्या ट्रेमध्ये, कित्येकदा उन्हात, पडून असतात. सुट्या अंड्यावर तारीख नसते. ब्रिटनमध्ये १९८८ साली आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांच्या साल्मोनेलाविषयीच्या विधानाने अंड्यांचा खप कोसळला, त्यांना पद सोडावे लागले. पण प्रश्न तिथेच दडपला गेला नाही. १९९८ पासून कोंबड्यांना लस, उत्पादनाचा माग आणि कवचावर तारीख अशी ‘लायन’ शिक्क्याची पद्धत आली. २०१७ मध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेने हा शिक्का असलेली अंडी गर्भवती आणि लहान मुलांनीही मऊ बलकासह खाण्यास हरकत नाही, असे जाहीर केले.

आपल्याकडे दूध-पावाच्या पिशवीवर तारीख पाहणारा ग्राहक अंडी मात्र डोळे झाकून घेतो. कवचावर तारीख छापणे ही अवघड गोष्ट नाही. ती सक्तीची व्हायला हवी आणि दुकानदारांना अंडी सावलीत, गार जागी ठेवण्याचे बंधन हवे. तोवर खबरदारी आपणच घ्यायची. खप जास्त असलेल्या दुकानातून थोडी थोडी अंडी घ्यावीत, घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवावीत, धुऊन साठवू नयेत. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. पाण्याच्या भांड्यात आडवे बसते ते ताजे, उभे राहते ते जुने, तरंगते ते टाकून द्यावे. आडवे बसले तर खुशाल पोच करावे. उभे राहिले तर रस्सा आहेच.