निरीक्षणाआधी निष्कर्ष नको

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत निरीक्षणांचे रकाने कोरे ठेवून कोणी थेट निष्कर्ष लिहिला, तर आम्ही शिक्षक त्याला गुण देत नाही. पण एखादा मुलगा 'सर, अभ्यासात मनच लागत नाही' असे म्हणाला, की आम्ही नेमके तेच करतो. 'पहाटे उठत जा', 'मोबाईल दूर ठेव', 'मन घट्ट कर' हे निष्कर्ष तयारच असतात. निरीक्षण झालेलेच नसते. ऐकून घेणे हे माणसाच्या बाबतीतले निरीक्षण होय, आणि शाळेत ते प्रयोगाइतक्याच काटेकोरपणे शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे.

या मताला आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनी व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचा पाया घातला. आपली अडचण कोठे आहे हे त्या व्यक्तीलाच सर्वांत जास्त कळते, ही त्यामागची धारणा. म्हणून समुपदेशकाने उपदेश करायचा नाही. त्याने तीन गोष्टी पाळायच्या: वागण्यात सच्चेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार, आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग समजून घेणे.

'हे तर आमची आजीही करते, यात विज्ञान कसले?' असे कोणी विचारील. विज्ञान आहे ते तपासणीत. बंद दाराआडचे संभाषण रॉजर्सनी परवानगीने ध्वनिमुद्रित केले. त्या काळी काही मिनिटांतच तबकडी बदलावी लागे. तरीही १९४२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका व्यक्तीशी झालेले सगळे संभाषण, नाव बदलून, शब्दशः छापले. आता कोणालाही ते तपासता येणार होते.

पुढे शिकागो विद्यापीठात मोजमाप झाले. त्यासाठी वापरलेली पद्धत विल्यम स्टीफन्सन यांची. हे गृहस्थ मानसशास्त्राबरोबर भौतिकीतही डॉक्टरेट मिळवलेले! शंभर कार्डांवर शंभर वाक्ये असत. 'मी कसा आहे' आणि 'मला कसे व्हायचे आहे' अशी दोनदा त्यांची क्रमवार मांडणी करायची आणि दोन्हींतला सहसंबंध काढायचा. पूर्ण जुळले तर १, काहीच संबंध नसेल तर ०. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुपदेशनापूर्वी सरासरी जवळजवळ शून्य होती; नंतर ती ०.३४ झाली. उपचार न मागणाऱ्या तुलनेच्या गटात ती आधी ०.५८ आणि नंतर ०.५९, म्हणजे जवळजवळ जैसे थे होती. फरक पडला, पण ही पद्धत जादूची कांडी नव्हे, हेही हेच आकडे सांगतात.

आजही ही तपासणी चालू आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीच्या तुलनेत व्यक्तिकेंद्री पद्धत सहा महिन्यांनंतर कमी पडली नाही. वर्षानंतर मात्र ती काहीशी मागे राहिली. प्रतिकूल निकालही प्रसिद्ध होतो, म्हणूनच अनुकूल निकालावर विश्वास ठेवावा.

कोणी म्हणेल, साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे ऐकायला वेळ कोठून आणायचा? तास तास ऐका, असे म्हणणे नाही. सल्ला देण्याआधी मुलाचे वाक्य पुरे होऊ द्यावे, आपल्याला काय समजले ते त्यालाच सांगून 'बरोबर समजलो ना?' असे विचारावे. याला दोन मिनिटे पुरतात. मित्रांनो, बाकावरच्या सोबत्यासाठी तुम्हीही हे करू शकता.

अर्थात शिक्षक किंवा मित्र म्हणजे समुपदेशक नव्हे. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर ती गुपित ठेवू नका; विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. आवर्तसारणीशेजारी त्याला जागा नक्कीच मिळेल.