फड उदंड, मल्ल थोडे

मिश्र युद्धकलेतील ‘यूएफसी’चा पहिला फड 1993 साली अमेरिकेत डेन्व्हरला भरला. आज वर्षाकाठी 40हून अधिक फड भरतात. तोलामोलाचे मल्ल मात्र त्या प्रमाणात निपजत नाहीत. 2012 साली डॅन हेंडरसनचा गुडघा दुखावला, विजेत्या जॉन जोन्सने आयत्या वेळच्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यास नकार दिला आणि 1 सप्टेंबरचा अवघा कार्यक्रमच रद्द झाला. प्रमुख डाना व्हाइट यांनी दोष जोन्सच्या माथी मारला. आमच्या मते तो एकाच जोडीवर फड उभारणाऱ्यांचा होता. बाकीच्या कुस्त्यांत दम असता तर एका गुडघ्यापायी मंडप कोसळता ना! 2014 साली जोझे आल्डो जायबंदी होताच त्याचीच पुनरावृत्ती झाली. फड कमी करावेत, मल्ल घडू द्यावेत. प्रेक्षक पैसे मोजतो ते जोडीसाठी, तारखेसाठी नव्हे.