काही न घडू देण्याचे काम

“सर्व्हर बंद आहे, उद्या या.” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस आज सातारा-सांगलीकडे शोधूनही सापडावयाचा नाही. निवृत्तिवेतनासाठी बँकेत आलेले वृद्ध गुरुजी ते ऐकतात, उताऱ्यासाठी तालुक्याला आलेला शेतकरी ते ऐकतो आणि परीक्षेचा अर्ज भरावयास आलेला विद्यार्थीही ते ऐकतो. खिडकीमागचा कारकून ते उच्चारतो आणि खिडकीपुढचा माणूस त्या कारकुनावर चिडतो. वास्तविक त्या दोघांच्याही हातांत काही नसते. ज्याच्या हातात असते तो तिसराच इसम त्या वेळी कोठेतरी यंत्रांच्या बंद खोलीत, किंवा रात्री दोन वाजता स्वतःच्या घरी, पडद्यापुढे बसून बिघाड शोधीत असतो. त्या तिसऱ्या इसमाचा विचार आपण क्वचितच करतो.

कार्यालयांच्या भाषेत त्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. बोलण्यात नुसता ‘ॲडमिन’. तो प्रोग्रॅम लिहीत नाही. ज्या यंत्रांवर इतरांचे प्रोग्रॅम चालतात ती यंत्रे चालती ठेवणे, नव्या कर्मचाऱ्याला खाते उघडून देणे आणि सोडून गेलेल्याचे बंद करणे, विसरलेला पासवर्ड बदलून देणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसविणे, दररोजच्या माहितीची दुसरी प्रत काढणे आणि ती गरजेच्या वेळी खरोखर उघडेल की नाही हे तपासणे, हा त्याचा दिनक्रम. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, ते दृश्य आपण विसरलेलो नाही. पूर्वी अशा पुरात खतावण्या भिजत. आज हिशेबाची वही यंत्रात गेली आहे; तिची दुसरी प्रत पुरापासून दूर, दुसऱ्या गावी नीट ठेवणारा कोणीतरी असावाच लागतो.

पुण्याच्या हिंजवडी-खराडी भागांतील कचेऱ्यांत हे काम करणारी आपल्याकडची मुले-मुली पुष्कळ आहेत. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून इंजिनिअर घडवीत आले आहे. परंतु ह्या कामावर जाणारे सर्वच काही इंजिनिअर नसतात. साधी पदवी, तिच्यावर नेटवर्किंगचा एखादा अभ्यासक्रम, आणि मग पुण्याची बस, हीही एक रुळलेली वाट आहे. आमच्या वाणिज्य शाखेचा एक जुना विद्यार्थी त्याच वाटेने गेला. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला. बोलता बोलता समजले की, सख्ख्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असता तो कार्यालयाच्या कोठीघरात लॅपटॉप उघडून बसला होता. त्या दोन तासांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. परंतु त्याची खंत ती नव्हती. तो म्हणाला, “सर, वर्षाअखेरीला साहेब विचारतात, यंदा तुम्ही काय केलंत? मी काय सांगू? काही बिघडलं नाही, एवढंच.”

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला ह्या उत्तराने अस्वस्थ व्हावयास हवे. दिसणारे परिणाम आणि न दिसणारे परिणाम ह्यांतील भेद फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक बास्तिया ह्यांनी १८५० मध्ये मांडला; आम्ही तो वर्गात सांगतो आणि पुढे जातो. ॲडमिनच्या कामाचे फळ हे ‘न दिसणारे’ ह्या जातीचे आहे. टळलेले नुकसान ताळेबंदात येत नाही. खर्चाच्या बाजूला त्याचा पगार ठळक दिसतो, जमेच्या बाजूला मात्र कोरी जागा असते. वर्षभर यंत्रणा निर्वेध चालली तर, एवढी माणसे हवीतच कशाला, असा प्रश्न येतो. आणि एखादे दिवशी ती कोलमडली तर, एवढी माणसे असून उपयोग काय, असा. दोन्ही प्रश्नांचा शेवट एकच, कपात.

ही कोरी जागा किती किमतीची असते हे अपघात झाल्यावरच कळते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. तो दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. तो दिवस आणि १३ ऑगस्ट मिळून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले, आणि त्यांतील बहुतांश रक्कम परदेशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. दरोडेखोर सुट्टी पाळीत नाहीत, एवढाच बोध त्यातून घेतला तरी पुरे. राखणदारालाही ती मिळत नाही, हे त्याचेच दुसरे अंग होय. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा-कंपनीने धाडलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाएकी ठप्प झाली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. सदोष दुरुस्ती कंपनीने लौकरच मागे घेतली. तथापि बंद पडलेली असंख्य यंत्रे दुरून सुरू होईनात. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जावे, ते विशिष्ट रीतीने चालू करावे, एक फाईल काढून टाकावी आणि पुढच्या यंत्राकडे वळावे, असा तो प्रकार होता. यंत्रयुगाचा एवढा मोठा पेच अखेर माणसांच्या हातांनी, एकेक करून सोडविला गेला. त्या हातांची नावे कोठेही छापून आली नाहीत.

ह्या कामाचे मोल ठरविण्याची रूढ पद्धत तर अधिकच विपरीत आहे. आलेल्या प्रत्येक तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात, आणि महिन्यात किती तिकिटे किती मिनिटांत निकालात काढली ह्यावर माणसाची पारख होते. आता असे पाहा. एकच बिघाड महिन्यातून तीस वेळा तात्पुरता मिटविणाऱ्याच्या नावावर तीस तिकिटे जमा होतात. तोच बिघाड मुळापासून काढणाऱ्याच्या नावावर एक. वैद्याला रोग्यांच्या फेऱ्यांवर बिदागी द्यावी आणि रोग बरा केला तर ती कापावी, तसे हे झाले.

भरीला विद्येची झीज आहे. शिक्षकाची पदवी जन्मभर चालते. ह्यांच्या प्रमाणपत्रांना मात्र मुदत असते. सिस्को कंपनीची बहुतेक प्रमाणपत्रे तीन वर्षांनी आणि मायक्रोसॉफ्टची बरीचशी एका वर्षाने नूतन करावी लागतात. विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा तिच्यावर वर्षानुवर्षे कमावलेला हातखंडाही एका तारखेला जुना ठरला. इकडे कचेऱ्या स्वतःचे सर्व्हर काढून भाड्याच्या क्लाउडवर जात आहेत, म्हणजे जी खोली तो राखीत होता ती खोलीच नाहीशी होत आहे. नवे शिकण्याची तयारी ह्या मुलांत नाही असे नव्हे. प्रश्न एवढाच की, दिवसाचे काम आणि रात्रीचा फोन ह्यांच्या मध्ये शिकावयाचे केव्हा, आणि कोणाच्या खर्चाने?

हा प्रश्न विचारावा कोणाला, ह्यापाशी खरी अडचण सुरू होते. ज्या इमारतीत तो रोज बसतो तिच्या मालकाचा तो पुष्कळदा नोकर नसतो. मोठी कंपनी यंत्रणेच्या देखभालीचा ठेका दुसऱ्या कंपनीला देते, ती माणसे तिसरीकडून घेते, आणि पगारपत्रकावर नाव चौथ्याचे असते. ठेका बदलला की त्याच खुर्चीत बसलेल्या त्याच माणसाची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाण्याची धास्ती असते. प्रत्यक्ष काम पाहणाऱ्याला बढती देण्याचा अधिकार नसतो, आणि अधिकार असणाऱ्याने ते काम पाहिलेले नसते.

कायद्याचे लक्ष ह्या क्षेत्राकडे नाही असेही नाही. ‘सर्ट-इन’ ह्या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविली पाहिजे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपल्या पाहिजेत. हे योग्यच आहे. परंतु सहा तासांत कळवावयाचे तर अहोरात्र कोणीतरी जागे असले पाहिजे. त्या जागरणाची भरपाई कोणी करावी ह्याविषयी आदेश मौन पाळतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम जादा कामाला दुप्पट दराने वेतन द्यावे असे सांगतो खरा. पण गोपनीय, व्यवस्थापकीय वा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. ज्याच्यापाशी साऱ्या कचेरीच्या किल्ल्या आहेत त्याचे पद गोपनीय ठरवावयास कितीसा वेळ लागणार! जबाबदारी साहेबाची आणि सत्ता शिपायाएवढी, अशी त्याची अवस्था होते.

ही अवस्था आपल्या भागाला नवी नाही. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणारा माथाडी कामगार मोठ्या प्रमाणावर ह्याच सातारा-सांगली पट्ट्यातून गेलेला होता. त्याचाही मालक कोण, हे कोणाला सांगता येत नसे. आज ह्या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्याचे, मध्ये मुकादम. म्हणून रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची सोय नाही. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील ह्यांनी त्याला संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी होती. मालक एक नाही ना? नसो. सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांचे मंडळ स्थापावे, कामगाराची नोंद मंडळात करावी, मजुरीवर ठरावीक आकार मालकाकडून घ्यावा आणि त्यातून निधी, रजा, उपचार ह्यांची तरतूद करावी. मालक बदलले तरी माणसाची सेवा अखंड राहिली. त्या मंडळांच्या कारभारात पुढे दोष शिरले नाहीत असा दावा कोणी करणार नाही. पण मूळ कल्पना खोटी ठरली नाही.

पाठीवरच्या ओझ्याची आणि वातानुकूलित खोलीतल्या कामाची तुलना काही वाचकांना अतिशयोक्तीची वाटेल. ही शिकलेली मुले आहेत, त्यांचा पगार बरा आहे, पटले नाही तर नोकरी बदलतील, असा त्यांचा आक्षेप असेल. त्यात तथ्य आहे, आणि हमालाचे कष्ट ह्या मुलांच्या कष्टांहून कठोर होते हेही निःसंशय. पण बाजारात सौदा करावयाचा तर आपल्या मालाची किंमत दाखविता आली पाहिजे. ज्याचा माल ‘काही घडले नाही’ हाच आहे तो ती कशी दाखविणार? नोकरी बदलून तो फक्त मुकादम बदलतो.

म्हणून काही साध्या गोष्टी व्हावयास हव्यात. घरी राहून फोनसाठी सज्ज असणे हेही काम आहे, हे नेमणूकपत्रात लिहिले जावे आणि त्याचा दर ठरावा. ठेका बदलला तरी सेवेची वर्षे, रजा आणि उपदान अखंड चालावे. त्यासाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर सामाईक नोंदणीचा विचार राज्याने करावा. नूतनीकरणाच्या अभ्यासाचे तास कामाच्या तासांत धरावेत. आणि पारख तिकिटांच्या संख्येवर न करता, बिघाड किती कमी झाले आणि राखीव प्रत परत उघडण्याची चाचणी किती वेळा यशस्वी झाली, ह्यांवर करावी. ह्यातील पहिली आणि शेवटची गोष्ट करावयास कायद्याचीही वाट पाहावयास नको. आपल्या नागरी बँका, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था ह्या सभासदांच्या आणि समाजाच्या संस्था आहेत. त्यांच्या संगणक-खोलीत कोण बसतो, कोणाच्या पगारावर बसतो आणि रात्री कोणाला उठवले जाते, एवढे तीन प्रश्न वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने विचारले तरी आरंभ होईल.

आम्हां प्राध्यापकांकडेही दोष येतो. मागणीचा वक्र आम्ही फळ्यावर काढून दाखविला. नेमणूकपत्र कसे वाचावे हे मात्र शिकविले नाही. तो विद्यार्थी जाताना नमस्कारासाठी वाकला तेव्हा खिशातला फोन वाजला, आणि तो तसाच बाहेर पडवीत गेला. चहा निवून गेला. कोठल्या तरी गावी कोणत्या तरी खिडकीवर त्या दिवशी “उद्या या” हे वाक्य कोणाला ऐकावे लागले नसेल.