भिंतीवरची वेल आणि पायाखालची फरशी

फरसबंद गल्लीत वृक्षाला जागा नसते. वेलीला मात्र हातभर माती पुरते. या साध्या गोष्टीवर नेदरलँड्समधील एक लोकोपक्रम उभा आहे. तेथे घराच्या दर्शनी भिंतीलगतच्या एकदोन फरश्या उचलून त्या जागी वेली व रोपे लावतात. अनेक नगरपालिका काही अटींवर रहिवाशांना तशी मुभा देतात. काही ठिकाणी उचललेल्या फरश्या वाहून नेण्याची व्यवस्थाही करतात. २०२० साली रॉटरडॅम व अ‍ॅम्स्टरडॅम या नगरांत, अंगणांतील व पदपथांवरील अधिक फरश्या कोण उचलतो, अशी चढाओढ लागली. २०२१ साली ती राष्ट्रीय स्पर्धा झाली.

हा केवळ हौसेचा खेळ नव्हे. २५ जुलै २०१९ रोजी त्या समशीतोष्ण देशात तापमान ४०.७ अंश सेल्सियसवर गेले. दिवसभर तापलेल्या विटा व फरश्या रात्री उष्णता परत सोडतात. वृद्ध व आजारी माणसांच्या जिवाला तिने धोका पोचतो. वेलीची पाने भिंतीवर छाया धरतात, शिवाय मुळांनी शोषलेले पाणी बाष्परूपाने हवेत सोडतात. एक लिटर पाण्याचे असे बाष्प होताना जितकी उष्णता खर्च होते, तितक्या उष्णतेत सुमारे सात लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल.

भिंतीवर चौकटी टांगून, नळ्या व पंप लावूनही हिरवळ साधता येते. परंतु ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला, की ती लवकरच वाळते. जमिनीत रुजलेल्या वेलीला मुरलेल्या पावसाचा आधार असतो. म्हणून सामान्य वस्तीसाठी फरशी उचलण्याचाच मार्ग मला श्रेयस्कर वाटतो.

वेलीने भिंत बिघडते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. आयव्हीची मुळे जुन्या भेगांत शिरतात. अशा भिंतीची आधी डागडुजी करावी, किंवा तारेच्या आधाराने चढणारी वेल निवडावी.

खरी अडचण निराळीच आहे. स्पर्धेतील यश उचललेल्या फरश्यांच्या संख्येने मोजले जाते. परंतु फरशी उचलली म्हणजे वेल तगली, असे होत नाही. आरंभीच्या वर्षांत मुळे खोल गेलेली नसतात. तेव्हा पाणी कोणी घालावयाचे, हे शेजाऱ्यांनी पहिली फरशी उचलण्यापूर्वीच ठरवून वार वाटून घेतले पाहिजेत. तिसऱ्या उन्हाळ्यात जी वेल हिरवी असेल, तिचीच गणना करावी.