तिसरी चढाई कोणाची?

1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पुणेरी पलटण विजेती ठरली. संघात नाशिकचा आकाश शिंदे, त्यामुळे कॉलर आपलीही ताठ. पुढच्याच हंगामात पलटण प्लेऑफबाहेर! तेव्हापासून मिसळीच्या टेबलावर प्रशिक्षकांना तोटा नाही. दोन चढाया रिकाम्या घालवून तिसरी ‘करो या मरो’ खेळायची, की समोर सहा बचावपटू दिसताच बोनस उचलायचा? तिघेच उरले तर सुपर टॅकलचा मोह होतो. पकड सुटली की सगळा संघ बाद होऊन लोण बसायची भीती. 2025 ची पलटणविरुद्धची अंतिम लढत दबंग दिल्लीने 31-28 अशी नेली. आमचं विचाराल तर रिकाम्या चढायांचा सावधपणा अति होतो. उलट मताची पत्रं येतीलच. जागा राखून ठेवली आहे.