गळ्याला प्रमाणपत्र कोणी द्यायचे?

पार्श्वगायनाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार एकाच वर्षी मिळालेल्या दोन कलावंतांमध्ये एवढे अंतर क्वचितच असेल. २२ जुलै २०२२ रोजी ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक ठरले 'मी वसंतराव' या मराठी चित्रपटासाठी राहुल देशपांडे. घरात आजोबांचा वारसा, लहानपणापासून रीतसर तालीम आणि शास्त्रीय मैफलींचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका ठरल्या 'अय्यप्पनुम कोशियुम' या मल्याळी चित्रपटासाठी नंजियम्मा. केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील अट्टप्पाडीच्या डोंगराळ भागात शेळ्या-गुरे राखत वाढलेल्या, संगीताच्या वर्गाची पायरी कधीही न चढलेल्या या इरुळा आदिवासी गायिकेने आपल्याच बोलीतील गीत स्वतः रचून गायिले होते.

निवड समितीने दोघांना एकाच तराजूत तोलले. मात्र केरळमधील संगीतक्षेत्रात त्यावरून वादाला तोंड फुटले. जन्मभर रियाझ करणाऱ्यांना हा निर्णय अपमानास्पद वाटणार नाही काय, ठरावीक पट्टीत नेहमीचे चित्रपटगीत गाणे या गायिकेला जमेल काय, असे प्रश्न तेथील एका संगीतकाराने जाहीरपणे उपस्थित केले. त्याच राज्यातील अनेक नामवंत संगीतकार आणि गायक मग नंजियम्मांच्या बाजूने उभे राहिले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांनी पुरस्कार स्वीकारला, तेव्हा दिल्लीच्या सभागृहाने उभे राहून त्यांना मानवंदना दिली. टाळ्या थांबल्या आणि वादही विरला. मूळ प्रश्नाचा निकाल मात्र लागला नाही. रीतसर शिक्षण न घेतलेल्या गायकाला संगीताचा जाणकार कलावंत मानायचे की निसर्गाने गोड गळा दिलेला एक भाग्यवान? वरकरणी हा रसिकांच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो मान, मानधन आणि मालकी यांच्याशी निगडित आहे.

शब्दांचा घोळ

या वादाचे अर्धे मूळ शब्दांत आहे. मराठीत गायक, वादक, गवई, संगीतकार असे वेगवेगळे शब्द आहेत. परंतु या सर्वांना सामावून घेणारा, रोजच्या वापरातला एकच शब्द नाही. 'संगीतकार' म्हटले की चाल बांधणारा डोळ्यांसमोर येतो. 'गवई' या शब्दाला तालमीचा आणि मैफलीचा गंध आहे. तमाशाच्या फडात किंवा जागरणात गाणारी बाई मात्र लोकांच्या तोंडी नुसती 'गाणारी' असते. एकच क्रिया करणाऱ्या दोन व्यक्तींना लावल्या जाणाऱ्या या दोन शब्दांमध्ये सामाजिक उतरंड स्पष्ट दिसते.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपराही नीट पाहायला हवी. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हटले आहे. गायकांचे त्याने पाच प्रकार सांगितले : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक. निर्दोष शिकवू शकणारा शिक्षाकार यादीत पहिला आहे, हे खरे. परंतु दुसऱ्याचे अनुकरण करणारा, श्रोत्यांचे रंजन करणारा आणि गीतात भाव ओतणारा यांनाही गायकांतच स्थान आहे. हा शास्त्रकार गायकांचे गुणदोष काटेकोरपणे मोजतो. पण गाणे कोणत्या दाराने आले, एवढ्यावरून कोणाला पंक्तीबाहेर बसवत नाही.

'न शिकलेला' कोण?

'रीतसर शिक्षण' ही कल्पना आपल्याकडे आज वाटते तेवढी जुनी नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते १९०१ साली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना १९३१ची. 'विशारद' आणि 'अलंकार' या परीक्षांचा दबदबा त्यानंतरचा. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून ज्या गवयांकडून बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलेखनासह छापल्या, त्या गवयांची विद्या मुखोद्गत होती. छापील अभ्यासक्रम त्यांच्याकडून घेतलेल्या सामग्रीवर उभा राहिला. पुढे त्याच अभ्यासक्रमाच्या मोजपट्टीने गायकांची उंची मोजण्याची पद्धत पडली.

या विसंगतीचा सर्वात ठसठशीत दाखला आकाशवाणीने घालून दिला. बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९५२ पासून कलावंतांच्या चाचण्यांची आणि श्रेणींची पद्धत सुरू झाली. गाण्याबरोबरच रागशास्त्राविषयीचे प्रश्न पुढे येताच पिढीजात गवयांपैकी अनेकांनी या चाचणीला कडाडून विरोध केला. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे नांदत होते, ते कागदी कसोटीवर 'अशिक्षित' ठरण्याची वेळ आली होती. शिक्षण आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

गवयाचे पोर रडले तरी सुरात रडते, असे मराठीत म्हटले जाते. ही म्हण घराण्यांना जशी लागू पडते, तशीच ती गोंधळी, वाघ्या-मुरळी आणि कोल्हाटी कुटुंबांनाही लागू पडते. संबळाचा ठेका किंवा दिमडीची लय ऐकत वाढलेले मूल कोणत्याही वर्गात नाव नोंदवत नाही. पण त्याची तालीम पाळण्यापासून सुरू झालेली असते. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाई आईकडून गाणे शिकल्या, बालपणी रस्त्यावर गायल्या-नाचल्या आणि बैठकीच्या लावणीच्या अधिकारी कलावंत म्हणून २०१२ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. त्यांच्या गायकीला शिक्षण नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्या शिक्षणाची नोंद ठेवणारे दप्तर नव्हते, एवढेच म्हणता येईल. असे दप्तर कोणत्या जातींच्या दारापर्यंत पोहोचले आणि कोणत्या जातींच्या दारापर्यंत पोहोचले नाही, याचा विचार केल्याशिवाय 'प्रशिक्षित' आणि 'अप्रशिक्षित' ही विभागणी निर्मळ मानता येत नाही.

आक्षेपातील तथ्य

अर्थात, दुसऱ्या बाजूचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. रीतसर शिक्षण गायकाला काही निश्चित साधने देते. पट्टी बदलली तरी गाणे निभावणे, साथीदारांशी स्वरांच्या आणि मात्रांच्या भाषेत बोलणे, अनोळखी चाल थोड्या वेळात आत्मसात करणे, गळ्यावर ताण न देता दीर्घकाळ गाणे आणि हे सारे पुढच्या पिढीला शिकवणे या गोष्टी नुसत्या गोड आवाजाने साधत नाहीत. वीस वर्षे तानपुऱ्यापुढे बसलेल्याला एका रात्रीत प्रसिद्धी मिळवणाऱ्याचा राग आला, तर तो समजून घ्यायला हवा.

शिवाय काळही बदलला आहे. सूर आपोआप दुरुस्त करणारी संगणकीय प्रणाली १९९७ मध्ये बाजारात आली आणि बेसूर गाणाऱ्यालाही ध्वनिमुद्रणात सुरात आणणे शक्य झाले. दुसरीकडे २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणाघाट रेल्वे स्थानकावर गाणाऱ्या राणू मंडल यांची चित्रफीत देशभर पसरली, त्यांना हिंदी चित्रपटात गाण्याची संधीही मिळाली; परंतु त्या प्रसिद्धीतून गायिका म्हणून स्थिर कारकीर्द उभी राहिली नाही. गाजणे आणि कलावंत म्हणून उभे राहणे यांत फरक आहे, हे मान्य करावेच लागेल.

परंतु हा फरक शिक्षणाच्या रेषेवरून जात नाही. किशोरकुमार यांनी शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. तरीही पार्श्वगायनाचे आठ फिल्मफेअर पुरस्कार त्यांनी मिळवले. एवढेच काय, 'झुमरू' (१९६१) आणि 'दूर गगन की छाँव में' (१९६४) या चित्रपटांना संगीतही दिले. उलट, परीक्षांमागून परीक्षा उत्तीर्ण होऊनही स्वतःचा एक आलाप सुचत नाही, अशी उदाहरणे संगीतवर्गांना अपरिचित नाहीत. तेव्हा कसोटी लावायची ती कामाला लावावी : गाणाऱ्याला सूर-लयीचे भान आहे काय, प्रत्यक्ष श्रोत्यांपुढे तो गाणे घडवू शकतो काय आणि त्या गाण्यावर त्याची स्वतःची मुद्रा उमटते काय. नंजियम्मांना वाद्यवृंदाच्या पट्टीत दुसऱ्याची चाल गाता येते काय, हा प्रश्न त्यांच्या पुरस्कृत गाण्याच्या गुणवत्तेशी संबंधित नाही. इरुळा गाण्याची लय एखाद्या पदवीधर गायकाला महिन्याभरात साधेल काय, असा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

कायद्याची वाटचाल

संगीतक्षेत्र अडखळत असलेल्या या वाटेवर कायदा काहीसा पुढे गेलेला दिसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने संगीतकृतीची व्याख्या करताना ती लिहिलेली किंवा छापलेली असावी, असे गृहीत धरले होते. मौखिक परंपरेच्या देशात ही व्याख्या परकीच होती. चाल बांधणाऱ्याला हक्क होता, गाणाऱ्याला नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्कांविषयीचा खटला निकाली काढला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून या त्रुटीवर बोट ठेवले. भारतीय संगीतात श्रोता गायकाच्या गळ्यासाठी येतो. त्याच गायकाला हक्क नाकारणे अभारतीय आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१९९४च्या दुरुस्तीने ही चूक सुधारली. स्वरलेखन केलेले असो वा नसो, संगीत रचणारा तो रचनाकार, हे मान्य झाले आणि कला सादर करणाऱ्यांना प्रथमच स्वतंत्र हक्क मिळाला. सादरकर्त्यांच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू आणि गारुडीही आहेत. शिक्षणाची अट कोठेही नाही. २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील रॉयल्टीवर गायकांचा हक्क मान्य केला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली, तेव्हा आवाज हीच कलावंताची मिळकत आहे, हे तत्त्व आणखी ठळक झाले.

मात्र कायद्याचा लाभ नाव नोंदलेल्यालाच मिळतो. लोकगीत ध्वनिमुद्रित करताना श्रेयनामावलीत 'पारंपरिक' हा एक शब्द लिहिला की, ते गाणे जपणारी, त्यात कडवी घालणारी आणि चाल वळवणारी व्यक्ती हिशेबातून बाहेर पडते. नंजियम्मांच्या बाबतीत गीतकार म्हणूनही त्यांचे नाव आले, हे महत्त्वाचे. अशा नोंदी अपवादात्मक राहू नयेत.

मान आणि मानधन

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर लोककलावंतांच्या आदराची भाषा सरकारदरबारी नवी नाही. 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. ते घराघरांत पोहोचले शाहीर साबळे यांच्या आवाजात. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनातील श्रेणी मोडून ते २०२४ मध्ये सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले. श्रेणी गेली, हे योग्यच झाले. पण कलेची सेवा कागदपत्रांनी सिद्ध करण्याची अडचण उरते. ज्याने जन्मभर जत्रेत आणि जागरणात गायिले, त्याच्याजवळ प्रमाणपत्रांची फाइल कोठून असणार? त्याच्याजवळ गळा आहे. निवड करणाऱ्यांनी तो ऐकावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

विद्यापीठांनाही आता सबब उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची योजना आणली. त्यात प्रदीर्घ आणि उल्लेखनीय अनुभव असलेल्यांना औपचारिक पदवीच्या अटीशिवाय अध्यापनाची वाट मोकळी आहे. संगीत आणि लोककला विभागांनी शाहीर, गोंधळी आणि लावणीगायिका यांना एखाद्या दिवसाच्या प्रात्यक्षिकापुरते न बोलावता शिक्षक म्हणून नेमले, तर 'न शिकलेल्या'कडून शिकण्याची सोय होईल. भातखंड्यांनी शंभर वर्षांपूर्वी वेगळे काही केले नव्हते.

६८व्या पुरस्कारांच्या यादीत आणखी एक योगायोग दडलेला आहे. राहुल देशपांडे यांना ज्या चित्रपटासाठी पुरस्कार मिळाला, त्याचे नायक वसंतराव देशपांडे यांनाही 'तुमचे घराणे कोणते' या प्रश्नाने आयुष्यभर छळले. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. अनेक गुरूंकडे शिकलेल्या गवयालाही दारावर ओळखपत्र मागितले गेले होते. जी व्यवस्था वसंतरावांना घराणे विचारते, तीच नंजियम्मांना पट्टी विचारते. दोघांनीही आपले उत्तर गाऊन दिले आहे. आता त्या उत्तराची नोंद श्रेयनामावलीत, रॉयल्टीच्या हिशेबात आणि मानधनाच्या यादीत व्हायला हवी.