हातोडा कोणाच्या हाती

महाजालावरचे आपले नाव, ज्याला व्यवहारात डोमेन म्हणतात, विकावयास काढणारा माणूस पहिली चौकशी बहुधा दलालीची करतो. कोणता बाजार शेकडा १० घेतो, कोणता १५ आणि कोणता २५ पर्यंत मजल मारतो, याचा तक्ता तो मोठ्या कसोशीने तयार करतो आणि सर्वांत स्वस्त बाजारात नाव लिलावास लावून निश्चिंत होतो. ही काटकसर मला नेहमीच अस्थानी वाटत आली आहे. कारण जेथे बोली लावणारा एकच इसम हजर आहे तेथे दलाली अगदी माफ असली तरी विक्रेत्याच्या पदरी काही पडत नाही, आणि जेथे हातोडा धरणाऱ्याच्या सचोटीविषयी खरेदीदारांच्या मनात संशय आहे तेथे जाणते खरेदीदार फिरकतच नाहीत.

लिलाव हे विक्रीचे फार जुने आणि कार्यक्षम साधन असले तरी त्याची एक अट आहे, आणि ती अशी की एकाच वस्तूची खरी निकड किमान दोघांना, तीही एकाच मुदतीत, भासली पाहिजे. दोन-तीन अक्षरांचे नाव, किंवा विमा, कर्ज, प्रवास यांसारख्या धंद्याचे सामान्यनाम डॉट कॉमसह हाती असेल, तर ही अट सहज पुरी होते. जगभरचे नावांचे व्यापारी त्यावर तुटून पडतात, कारण त्यांना ते वापरावयाचे नसून पुन्हा विकावयाचे असते आणि पुनर्विक्रीच्या भावाचा अंदाज प्रत्येकाजवळ तयार असतो. परंतु सांगलीच्या एखाद्या हळदीच्या पेढीलाच शोभेल असे नाव घेतले, तर त्याची खरी गिऱ्हाइके त्या धंद्यातली दोन-चार घराणी, आणि ती नेमकी लिलावाच्या आठवड्यातच जागी होतील असे मानावयास काहीच आधार नसतो. येतील ते व्यापारी, आणि नेतील तेही घाऊक भावात. नावांची नोंदणी करून देणाऱ्या गोडॅडी या कंपनीच्या लिलावघरात तर मालाचा मोठा भाग मुदत संपूनही ज्यांचे नूतनीकरण झाले नाही अशा नावांचा असतो. त्या ढिगात आपले नाव ठेवणे म्हणजे जप्तीचा माल उचलावयास आलेल्या गर्दीपुढे ते ठेवणे होय.

अशा नावाला लिलावाऐवजी ठरावीक किमतीची पाटी लावून स्वस्थ बसण्याची जागा पाहिजे. ॲफ्टर्निक किंवा जर्मनीतील कोलोन शहरातून चालणारा सेडो या बाजारांचे महत्त्व ते किती दलाली घेतात यात नसून, कोणी अन्य नोंदणीदाराच्या दुकानात तेच नाव शोधू लागला तर तेथेही ही पाटी त्याच्या नजरेस पडते, यात आहे. मात्र येथे निवडीचा प्रदेश दिवसेंदिवस आकुंचित होत आहे, हेही नमूद केले पाहिजे. ॲफ्टर्निक २०१३ साली गोडॅडीने घेतला, २०२० साली युनिरजिस्ट्री ही नोंदणी व विक्रीची पेढी घेतली, २०२२ साली डॅन हा बाजार घेतला आणि पुढे तो गुंडाळलाही. नोंदीचे दफ्तर सांभाळणारा, किमतीची पाटी लावणारा आणि हातोडा आपटणारा असे तिन्ही अधिकार एकाच घराण्यात एकवटले म्हणजे विक्रेत्याची सोय होते हे खरे; पण त्या घराण्याने उद्या दर वाढविला तर दाद मागावयास शेजारचे दुकान उरत नाही.

लिलाव आणि धीराची विक्री यांतला भेद ज्या प्रकरणात स्पष्ट दिसला, त्याचे नाव या पृष्ठावर छापताना किंचित संकोच वाटतो. परंतु सेक्स डॉट कॉम हे नाव या व्यापाराच्या इतिहासातून वगळणे शक्य नाही. १९९५ साली बनावट पत्राच्या आधारे ते मूळ मालकाकडून चक्क चोरीस गेले होते, आणि तो कज्जा वर्षानुवर्षे चालला. पुढे ते ज्या कंपनीकडे आले तिचे कर्ज थकले, तेव्हा सावकाराने मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचा जाहीर लिलाव पुकारला आणि आरंभीची बोली १० लाख डॉलर ठेवली. ऐन वेळी अन्य धनकोंनी त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज गुदरला, लिलाव तहकूब झाला, आणि न्यायालयाच्या संमतीने विक्रीचे काम सेडोकडे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते नाव १ कोटी ३० लाख डॉलरला विकले गेले. न्यूयॉर्कच्या त्या दालनात बोली कोठवर चढली असती याचा तर्क ज्याने त्याने करावा. मला एवढेच दिसते की घाईत असलेल्या सावकाराला लिलाव सोयीचा होता, आणि बाकीच्या धनकोंना नव्हता.

आता हातोड्याविषयी. ओरेगनमधील पोर्टलंडची स्नॅपनेम्स ही सुटलेली नावे पकडून त्यांचा लिलाव करणारी एक मातबर पेढी होती. नोव्हेंबर २००९ मध्ये तिनेच आपल्या ग्राहकांना कळविले की पेढीचा एक कर्मचारी २००५ पासून खोट्या नावाने खाते उघडून तिच्याच लिलावांत बोली लावीत होता. ‘हॅल्व्हारेझ’ या टोपणनावाचा तो बोलीदार तोपर्यंत व्यापाऱ्यांत पुरेसा परिचित झालेला होता. तो कोण, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. पेढीच्या हिशेबाप्रमाणे शेकडा ५ च्या सुमारास लिलावांना त्याची झळ लागली होती, आणि ज्यांनी त्याच्यामुळे अधिक दाम मोजले त्यांना फरकाची रक्कम ५.२२ टक्के व्याजासह परत देण्याची तजवीज तिने केली. आमच्याकडे बाजार समित्यांनी उघड लिलावाचा दंडक घालण्यापूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचे काय चालले आहे याचा पत्ता नसे. संगणकावरच्या लिलावात रुमाल डोळ्यांना दिसत नाही, इतकाच फरक.

विक्रेता यावर म्हणेल की खोट्या बोलीने भाव चढला तर माझे काय बिघडले? बिघडते ते असे की तो कर्मचारी स्वतःच लिलाव जिंकला म्हणजे किमतीचा काही भाग गुपचूप परत मिळवीत असे, आणि असे प्रकरण उघडकीस आल्यावर खरे बोलीदार हात आखडता घेतात. त्याची किंमत पुढच्या प्रत्येक विक्रेत्याला मोजावी लागते. म्हणून बाजार निवडताना त्याच्या अटींत तीन गोष्टी शोधाव्यात: आपल्याच नोकरांना बोली लावण्याची मनाई आहे काय, जिंकणाऱ्याने पैसे बुडविले तर पुढे काय होते, आणि विक्रेत्याला आपली किमान किंमत राखून ठेवता येते काय. तिसरी सोय नसेल तर लिलावात उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेची बाबही लहान नव्हे. गोडॅडीकडे शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की मुदत आणखी पाच मिनिटे वाढते, आणि हा क्रम बोली थांबेपर्यंत चालतो. शेवटच्या क्षणी झडप घालणाऱ्याला आळा घालणारी ही रीत विक्रेत्याच्या पथ्यावरच पडते. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर भर दुपारी संपणारा लिलाव आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर संपतो, आणि ज्याचे संभाव्य गिऱ्हाईक पुण्यात किंवा इंदुरात आहे त्याने आपले नाव अशा घटकेला पणास लावू नये.

नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते असेल तर मात्र कोणताही बाजार तारू शकणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच रेडिफच्या दाव्यात एका अक्षराने वेगळ्या ‘रॅडिफ’ या नावाला मनाई केली होती. आणि २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते असे ठरविले. चिन्हाच्या धन्यालाच चढ्या भावाने विकावे या मुख्य हेतूने नाव नोंदविणे, हा महाजालावरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या १९९९ च्या विवादनियमात दुर्हेतूचा पुरावा मानला जातो. लिलावाची जाहिरात अशा वेळी प्रतिपक्षाच्या वकिलाच्या हाती आयताच दस्तऐवज देते.

सौदा ठरल्यावर पैसा तिऱ्हाइताकडे अनामत राहावा. बाजाराची स्वतःची व्यवस्था नसेल तर एस्क्रो डॉट कॉमसारखी १९९९ पासून हेच काम करणारी संस्था आहे. पैसे जमा झाल्याचे ई-पत्र आले म्हणून हस्तांतरणाचा संकेतांक लगेच कोणाच्या स्वाधीन करू नये. तशी पत्रे बनावट निघतात. पत्रातील दुव्यावर न जाता त्या संस्थेच्या आपल्या खात्यात स्वतः प्रवेश करून रकमेची नोंद पाहावी, आणि मगच नाव हलवावे.